तुटलेलं चित्र आणि अडलेलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात कॉम्प्युटर शिकवतो आणि उरलेल्या वेळात दोन गोष्टींची गणितं करत बसतो: फाटक्या-तुटक्या चित्रांचे तुकडे जुळवणं आणि वाहत्या पाण्याला होणारा अडथळा मोजणं. लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, मिसळीच्या टेबलावर तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवतो.

चित्राचे तुकडे कुठं आणि पाणी कुठं? दोन्ही एका पानावर कशाला?

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आमच्या आत्याच्या घरात गळ्याएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर पलंगाखालची ट्रंक उघडली, तर फोटोंचा एकच गठ्ठा झालेला. कुणीतरी घाईनं ते सोलून काढले, आणि आत्याच्या लग्नातला घरच्यांचा काळा-पांढरा ग्रुप फोटो ४७ तुकड्यांत हातात आला. आत्यानं ते तुकडे शेवेच्या डब्यात भरून माझ्यापुढं ठेवले. "तू कॉम्प्युटरवाला न्हवं? जोड."

पाण्याचं गणित मी आधीपासून करत होतो, तुकड्यांचं त्या डब्यापासून सुरू झालं. काही महिन्यांनी लक्षात आलं की दोन्हीकडची भानगड एकाच जागी आहे, काठाला. तुकड्याच्या मधल्या भागावरून शेजारी कोण ते कळत नाही, कडेवरून कळतं. पाण्याचंही तसंच. धारेच्या मध्यात ते मोकळं असतं, अडवतो तो काठ. आणि गंमत म्हणजे कडेची ही गणितं पुष्कळदा एकाच समीकरणाशी येऊन थांबतात. ते खाली येईलच.

तुकडे जुळवायला कॉम्प्युटर कशाला? लहान पोरंही जोडतात की.

पोरं जोडतात, कारण खोक्यावर पूर्ण चित्र छापलेलं असतं आणि तुकड्यांना खाचा असतात. खाचा काढा, खोकं फेकून द्या, सगळे तुकडे सारख्या चौकोनी आकाराचे करा आणि कुठली बाजू वर तेही सांगू नका. असे नुसते ९ तुकडे ९,५१२ कोटींहून जास्त प्रकारे मांडता येतात. प्रत्येक मांडणी तपासत बसणं हा मार्गच नव्हे.

कॉम्प्युटरकडून कोडं सोडवून घेण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १९६४ चा, फ्रीमन आणि गार्डर यांचा. ९ तुकडे, तेही नुसत्या आकारावरून, चित्राकडे न बघता. २००७ मध्ये एरिक आणि मार्टिन डिमेन या मुलगा-बापानं सिद्ध केलं की जिगसॉ हे गणिताच्या भाषेत अवघड प्रश्नांच्या त्याच कुळातलं आहे, जिथं झटपट आणि हमखास चालणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. त्यामुळं इथं सगळा कारभार अंदाजाचा. अंदाज किती शहाणा, एवढाच सवाल.

दोन तुकडे एकमेकांचे आहेत हे कॉम्प्युटर ओळखतो कसं?

सगळ्यात साधी रीत म्हणजे एका तुकड्याच्या उजव्या कडेचे ठिपके घ्यायचे, दुसऱ्याच्या डाव्या कडेचे घ्यायचे आणि रंगांतला फरक मोजायचा. फरक कमी, तर शेजारी असण्याची शक्यता जास्त. पण ही रीत फसते. निळ्या आभाळाचे सगळे तुकडे एकमेकांशी सारखेच जुळतात. आत्याच्या फोटोत पुरुषांचे काळे कोट होते, तिथं माझ्या प्रोग्रामनं एकाची बाही दुसऱ्याच्या खांद्याला लावून टाकली.

मग लोकांनी रंगाऐवजी रंग कसा बदलत चाललाय ते बघायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे छटा हळूहळू गडद होत असेल, तर कड ओलांडल्यावरही तोच चढ पुढं चालू राहायला हवा. २०१२ मध्ये अँड्र्यू गॅलघरनं हा चढ मोजायला महालनोबिस अंतर वापरलं. हे महालनोबिस म्हणजे आपले प्रशांतचंद्र, भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक. त्यांनी हे अंतर १९३६ मध्ये मांडलं. साध्या पट्टीनं सगळे फरक एका मापानं मोजले जातात. महालनोबिस अंतर मात्र आधी विचारतं, की या गोष्टीत मुळात चढउतार किती असतो? खरबरीत पोताच्या कडेला दहाचा फरक किरकोळ, गुळगुळीत गालावर तोच फरक मोठा.

जाता जाता एक. याच महालनोबिसांनी १९२६ च्या ओरिसातल्या महापुराचाही अभ्यास केला होता. नदीचं पात्र वर आलंय, बांध उंच करा, असं इंजिनिअर म्हणत होते. त्यांनी अनेक वर्षांच्या पावसाचे आणि पुराचे आकडे मांडून दाखवलं की पात्र वर आलेलं नाही. तुकडे आणि पूर एका पानावर आणणारा मी पहिला नव्हे.

आता मला सगळ्यात आवडलेली युक्ती. २०११ मध्ये पोमरान्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक अट घातली: 'अ'ला सगळ्यांत 'ब' पसंत असणं पुरेसं नाही, 'ब'लाही सगळ्यांत 'अ'च पसंत हवा. आपल्याकडं स्थळ ठरतं तसंच हे. एकाच बाजूची पसंती असेल तर बैठक होत नाही. अशा दोन्हीकडून होकार आलेल्या जोड्या आधी पक्क्या करायच्या आणि त्यांच्याभोवती बाकीचं चित्र वाढवत न्यायचं. एवढ्या एका अटीनं खोट्या जोड्या धडाधड गळतात.

आजवर किती मोठं कोडं सुटलंय?

चौकोनी तुकड्यांचं म्हणाल तर निदान २२ हजारांच्या वरचं. २०१३ मध्ये इस्रायलच्या शोलोमन, डेव्हिड आणि नेतन्याहू यांनी ते जनुकीय पद्धतीनं सोडवलं: अनेक अर्धवट मांडण्या घ्यायच्या आणि त्यांच्यातले चांगले भाग एकत्र करून पुढची पिढी बनवायची.

खऱ्या फाटक्या कागदांची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेनं श्रेडरमधून काढलेल्या पाच कागदपत्रांची स्पर्धा लावली, बक्षीस ५० हजार डॉलर. सॅन फ्रान्सिस्कोच्या चमूनं ती जिंकली, पण निव्वळ प्रोग्रामनं नव्हे. प्रोग्राम जोड्या सुचवायचा आणि माणसं हो किंवा नाही म्हणायची.

छापील कोडी ठीक. खऱ्या तुटलेल्या कलाकृतीवर हे चालतं का?

इटलीतल्या पादुआ शहरात एरेमितानी चर्चमध्ये मांतेन्या या चित्रकाराची पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं होती. ११ मार्च १९४४ रोजी तिथं बॉम्ब पडले. ढिगाऱ्यातून सुमारे ८८ हजार तुकडे गोळा झाले, सरासरी आकार आगपेटीहून लहान. जोडायला बसलेल्या माणसांनी अनेक वर्षांत फारसं काही हाती लागत नाही म्हणून सोडून दिलं होतं.

फोर्नासियर आणि तोनिओलो या संशोधकांनी वेगळी वाट धरली. तुकडा तुकड्याशी जुळवायचाच नाही. युद्धाआधी या भिंतींचे काळे-पांढरे फोटो काढलेले होते, प्रत्येक तुकडा थेट त्या फोटोवर कुठं बसतो ते शोधायचं. अडचण अशी की तुकडा कसाही फिरलेला असू शकतो. प्रत्येक तुकडा अंशाअंशानं फिरवून बघत बसलात तर जन्म जायचा. त्यांनी गोल तरंगांचं गणित वापरलं, ज्यात चित्र फिरवलं तर त्याची सही तीच राहते आणि फक्त कोन बदलतो. म्हणजे जागा आणि कोन एकाच फेरीत हाती येतात.

सापडलेले तुकडे मूळ भिंतीचा थोडाच भाग भरतात. पण ते तुकडे रंगीत आहेत आणि फोटो काळा-पांढरा. मग जिथं तुकडा आहे तिथला रंग खरा धरून मधल्या जागेचे रंग गणितानं पसरवता येतात का, हा पुढचा प्रश्न फोर्नासियरनंच घेतला.

कोल्हापुरात याचा काय उपयोग?

ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. तिथली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात बघायला मिळते. पण कुठल्याही उत्खननात खरा ढीग असतो तो खापरांचा. खापरांना चित्राची कड नसते, पण दुसरी एक खूण असते: भांडं चाकावर घडलेलं असेल, तर त्याला एक आस असतो. हाताएवढ्या खापराची वक्रता मोजली की तो आस कुठं होता आणि त्या उंचीला भांड्याचा घेर किती होता, दोन्ही काढता येतं. त्यामुळं जुळवणी पुष्कळ सोपी होते. हे कुंभार गल्लीत सांगितलं तेव्हा एका म्हाताऱ्या कुंभारकाकांनी मला काहीच नवीन न सांगितल्यासारखं बघितलं.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची बुडालेली चित्रं मिळतील का, असंही एकानं विचारलं. शाहू महाराज १९२२ ला गेल्यावर आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थ तलावात बुडवली, असं सांगतात. बुडालेल्या रंगाला कड राहत नाही. तिथं कॉम्प्युटर काय करणार?

पुरात फोटो भिजले तर आधी काय करायचं?

वाळू द्यायचे नाहीत. वाळले की चिकटतात आणि सोलताना फाटतात. गठ्ठा स्वच्छ थंड पाण्यात ठेवा, आपोआप सुटे होऊ द्या, मग चित्राची बाजू वर करून सावलीत वाळत घाला. चित्राच्या बाजूला बोट लावू नका. हे आम्हाला २०१९ ला माहीत असतं तर हे पान निम्मं झालं असतं.

गहाळ भाग एआय भरून देईल ना?

देईल, आणि तिथंच माझी तक्रार आहे. चुलत भावानं जोडलेल्या फोटोची मोबाइलवरची प्रत एका स्टुडिओत दिली. तिथून आलेल्या प्रिंटमध्ये आजोबांच्या डोक्याचा फेटा गायब होता. कपाळावरचा तुकडा गहाळ होता, तर प्रोग्रामनं तिथं छान भांग पाडलेले केस उगवले. आत्या बघून म्हणाली, "ह्यो कोण?"

भरण्याचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे लाखो फोटो बघून इथं बहुधा काय असतं ते रचणं. ते सुंदर दिसतं, पण ते तुमचे आजोबा नव्हेत. दुसरा प्रकार जुना आणि प्रामाणिक: भोकाच्या कडेवर जे आहे तेच आत ओढायचं. आणि इथंच पाणी येतं. २००१ मध्ये बर्टाल्मियो, बर्टोझी आणि सापिरो यांनी दाखवलं की चित्रातला उजेड हा प्रवाहासारखा मानला, तर द्रव कसा वाहतो ते सांगणाऱ्या नेव्हिअर-स्टोक्स समीकरणांनीच भोक भरता येतं. एकसारख्या उजेडाच्या रेषा म्हणजे पाण्याच्या धारा, त्या काठावरून भोकात शिरतात आणि पलीकडच्या काठाला मिळतात. ओपनसीव्ही या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत आहे. चिरेसारखी बारीक भेग ती झकास भरते. रुपयाएवढं भोक मात्र धूसर राहतं. मला ते धूसरच बरं वाटतं.

दुसरा दुवा पॉइसाँ समीकरणाचा, सुरुवातीला म्हटलं ते हेच. न दबणाऱ्या द्रवाचा प्रवाह कॉम्प्युटरवर चालवताना पायरीपायरीला दाब काढायला ते सोडवावं लागतं. दोन तुकड्यांमधला सांधा दिसू नये म्हणून उजेड सारखा करायलाही तेच लागतं. एकच प्रोग्राम मी दोन्हीकडं वापरतो, फक्त फाइलचं नाव बदलतो.

पाण्याला अडथळा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

भिंतीला टेकलेला पाण्याचा थर हलतच नाही. त्याच्या शेजारचा थोडा हलतो, पुढचा आणखी थोडा. थरांची ही घसट म्हणजे अडथळा. ऐकायला सोपं आहे, पण १७५२ मध्ये दालाँबेर या फ्रेंच गणितज्ञाचं गणित सांगत होतं की वाहत्या द्रवात बुडालेल्या वस्तूला अडथळा होतच नाही. नदीत पोहणाऱ्या कुठल्याही पोराला हे खोटं आहे हे कळतं. भिंतीजवळच्या त्या पातळ थरात सगळं घडतं, हे १९०४ मध्ये प्रांट्लनं दाखवलं तेव्हा ही गाठ सुटली.

गुऱ्हाळात थंड काकवी ओतताना बघा. मध्यभागाची धार पुढं जाते आणि भांड्याच्या कडेची मागं रेंगाळते. काकवी पाण्यापेक्षा हजारो पट घट्ट, म्हणून ही थरांची चाल डोळ्यांना दिसते. अशा संथ प्रवाहाचा नियम १८३९-४० च्या सुमारास हागेन या इंजिनिअरनं आणि प्वाझ्यय या डॉक्टरनं वेगवेगळा शोधला. डॉक्टर बारीक नळ्यांत रक्त कसं वाहतं ते बघत होता. नियम असा की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा १६ पट होतो.

नळाला पाणी कमी येतं. मोटर मोठी बसवू?

आधी पाईप उघडून बघा. एक इंची पाईपमध्ये पाणी सेकंदाला मीटरभर वेगानं जात असेल तर त्याचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शिस्तीत चालेल की भोवऱ्यांत ते सांगणारा आकडा, २५ हजारांच्या आसपास येतो. २३०० च्या आसपासच प्रवाहाची शिस्त बिघडायला लागते, म्हणजे तुमच्या पाईपमध्ये भोवरेच भोवरे असतात. अशा प्रवाहात तेवढंच पाणी न्यायचं तर व्यास कमी होईल तशी दाबाची घट साधारण त्याच्या पाचव्या घातानं वाढते. गंजानं आणि क्षारानं आतला व्यास दहा टक्के कमी झाला की दाब जवळजवळ पावणेदोन पट लागतो, निम्मा झाला तर ३२ पट. शिवाय आतली बाजू खडबडीत. हा खडबडीतपणा मोजायला निकुराड्झेनं पाईपच्या आत वाळूचे कण चिकटवून प्रयोग केले, १९३३ मध्ये. मोटरच्या पैशात जुना जीआय पाईप बदलून होतो, आणि शेजारचा नळही कोरडा पडत नाही.

पंचगंगेचं पाणी उतरायला इतके दिवस का लागतात?

याला एकच कारण नाही. उताराचं, धरणांच्या विसर्गाचं, खालच्या कृष्णेच्या पातळीचं, सगळ्यांचं त्यात काहीतरी आहे. मी फक्त काठाबद्दल बोलतो.

नदीच्या वेगासाठी इंजिनिअर अजूनही आयरिश इंजिनिअर मॅनिंगचं १८८९ चं सूत्र वापरतात. त्यात खडबडीतपणाचा एक आकडा असतो. गुळगुळीत काँक्रीटचा कालवा ०.०१३ च्या आसपास, स्वच्छ सरळ नदी ०.०३, दाट झाडोरा असलेलं पूरक्षेत्र ०.१ किंवा त्याहून जास्त. आता ऑगस्टमधलं प्रयाग चिखलीचं शिवार डोळ्यांपुढं आणा. पात्राबाहेर पडलेलं पाणी पुरुषभर उंचीच्या उसातून वाट काढतंय. ते पात्रातल्यासारखं कसं धावेल? रुंद नदीच्या ढोबळ हिशेबात हा आकडा दुप्पट धरला, तर तेवढंच पाणी जायला खोली दीडपट लागते. कुणाचा ऊस उपटा असं मी म्हणत नाही, माझ्या मामाचाही तिथं आहे. पण पुराच्या चर्चेत ऊस कुणी मोजतच नाही.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो का?

आलाच हा प्रश्न. फुगवट्याचं, म्हणजे धरणामागं तुंबलेल्या पाण्याचं, गणित धरणाच्या भिंतीपासून सुरू करून नदीचा एकेक आडवा छेद घेत वर चढायचं असतं. प्रत्येक छेदाला रुंदी, खोली आणि तोच खडबडीतपणाचा आकडा लागतो. तो आकडा थोडा बदला, उत्तर कैक किलोमीटर सरकतं. त्यामुळं कुणी छातीठोकपणे हो किंवा नाही म्हणालं, तर आकडा किती धरला ते विचारा. गप्प बसला तर चहा पाजा आणि विषय बदला.

अडथळा नेहमी वाईटच का?

छे. आपल्या गावाचं नाव जगभर गेलंय ते अडथळ्यामुळंच. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, अर्थात के.टी. वेअर. पावसाळ्याआधी खांबांमधले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे, पूर बिनबोभाट जाऊ द्यायचा. पाऊस सरला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं. हवा तेव्हा अडथळा, नको तेव्हा नाही. बरगे काढायला उशीर झाला की मात्र ओंडके, केरकचरा, जलपर्णी अडकून बंधाऱ्याचा बांध होतो.

उलट बाजूची गंमतही आहे. पाण्यात लांब साखळ्यांचं पॉलिमर लाखात काही भाग इतकं कमी टाकलं तरी भोवऱ्यांचा अडथळा खूप घटतो. टॉम्सनं हे १९४८ मध्ये मांडलं आणि अलास्काच्या तेलवाहिनीत १९७९ पासून वापरलं जातं.

कॉम्प्युटर एवढे वेगवान झालेत, मग पाण्याचं गणित एकदाचं अचूक का सोडवत नाही?

त्याच एक इंची पाईपमधला प्रत्येक भोवरा पकडायचा म्हटला, तर ढोबळ हिशेबानं आठशे कोटींच्या घरात बिंदू लागतात. हा एक पाईप झाला, नदी तर बाजूलाच राहिली. म्हणून मोठे भोवरे मोजायचे आणि बारकांचा परिणाम अंदाजानं धरायचा. नेव्हिअर-स्टोक्स समीकरणांचं उत्तर नेहमी सरळ, न तुटणारं असतं का, हेसुद्धा अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. क्ले संस्थेचं दहा लाख डॉलरचं बक्षीस २००० पासून तसंच पडून आहे.

घरी तुकडे जोडून बघायचे आहेत. काय लागेल?

साधा स्कॅनर, लॅपटॉप आणि सबुरी. तुकडे चित्रात नसलेल्या रंगाच्या कागदावर ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा, म्हणजे आकार कापून घेणं सोपं जातं. एक गोष्ट कुठल्याही पुस्तकानं मला सांगितली नव्हती: फाटलेल्या कागदाला एका बाजूला पांढरी झालर राहते. तिथलं चित्र दुसऱ्या तुकड्यावर गेलेलं असतं. कडेचे ठिपके जसेच्या तसे घेतले तर पांढरं पांढऱ्याशी जुळतं आणि सगळा घोळ होतो. झालर आधी वगळायची, मग आतला चढ बाहेर वाढवून जुळवायचा. मला हे कळायला दोन महिने गेले.

आत्याच्या फोटोचं पुढं काय झालं?

४७ पैकी ३१ तुकडे प्रोग्रामनं बरोबर बसवले. नऊ चुकीचे, त्यातले बरेच काळ्या कोटांचे. चार तुकड्यांबद्दल त्यानं हातच वर केले, आणि तीन ओळखू न येण्याइतके धुतले गेले होते.

चुकलेले आणि उरलेले तुकडे आत्यानं बसवले, चष्मा कपाळावर सरकवून, फोटो डोळ्यांशी नेऊन. एका काळपट तुकड्यावर मला नुसत्या दोन समांतर रेघा दिसत होत्या. ती लगेच म्हणाली, "ह्यो माझ्या सासूच्या इरकली लुगड्याचा काठ. ती डाव्या हाताला उभी होती." तुकडा बसला.

धुतलेल्या तीन तुकड्यांच्या जागी राखाडी कागद आहे. फ्रेम आता आत्याच्या पुढच्या खोलीत आहे. खिळा मारताना तिनं २०२१ च्या पाण्याची भिंतीवरची खूण शोधली, आणि तिच्या हातभर वर मारायला लावला.